घाटातला नमस्कार

"देव दिसला की नमस्कार मनातल्या मनात करायचा, शीला. हात स्टिअरिंगवरून उचलायचे नाहीत. देवाला कळतं, गाडीला कळत नाही."

विठ्ठलरावांना जाऊन अडीच वर्षं होत आली होती, पण हे वाक्य शीलाताईंच्या कानात अजून त्यांच्याच आवाजात उमटायचं. तुळशीला पाणी घालताना, पोथी मिटताना, कधीही. आणि ते उमटलं की त्यांचे जोडलेले हात नकळत सैल व्हायचे.

विठ्ठलराव सव्वीस वर्षं कल्याण ते ओतूर-जुन्नर टुरिस्ट गाडी चालवत होते. माळशेज घाट त्यांना घरच्या जिन्यासारखा पाठ होता. मधुमेहानं डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी गाडी विकली नाही, बायकोला शिकवली. तीही बावन्नाव्या वर्षी, डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना. रोज सहस्रनाम म्हणणारी, कधी आवाज न चढवणारी ही बाई हॉर्न वाजवायलासुद्धा लाजायची. "अगं वाजव," ते शेजारून म्हणायचे, "हॉर्न म्हणजे शिवी नव्हे. मी येतेय हं, एवढंच सांगायचं असतं."

पुढे दोन हिवाळे त्यांनी तिला घाटातही नेलं. हिवाळ्यातला घाट दिसायला गरीब असतो, ते सांगायचे. पावसाळ्यात सगळे घाबरून चालवतात. थंडीत ऊन पडतं, रस्ता कोरडा दिसतो, आणि सकाळी धरणावरून धुकं उठून वर आलं की समोरचं बोट दिसत नाही. म्हणून घाटाच्या पायथ्याशी, टोकावड्याला थांबायचं. चहा प्यायचा. समोरचा डोंगर दिसला की निघायचं, नाही दिसला तर आणखी एक चहा. आणि उपाशी पोटी घाटात शिरायचं नाही, देवाचा वार असला तरी. हे शेवटचं ते जरा जोरात म्हणायचे, कारण मार्गशीर्षातल्या गुरुवारी शीलाताई दिवसभर पाणीसुद्धा घेत नसत. संध्याकाळी महालक्ष्मीची पूजा झाली, नैवेद्य दाखवला, की मगच घोटभर पाणी. सगळ्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या उपासाचं नाव होतं.

गेल्या मार्गशीर्षात एका गुरुवारी त्यांनी नवऱ्याचं सगळं ऐकलं होतं आणि काहीच ऐकलं नव्हतं.

सून सोनल सातव्या महिन्यात होती. तिचं माहेर ओतूरचं; विठ्ठलरावांच्याच गाडीच्या ओळखीतून ती सोयरीक जमलेली. मुलगा ऋतुराज जहाजावर नोकरीला, सहा सहा महिने समुद्रावर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून शीलाताईंनी विहीणबाईंना, कलावतीबाईंना, फोनवर शब्द दिला होता, "तुमच्या मुलीला मी स्वतः आणून सोडते." भटजींनी सांगितलं, नऊच्या आत उंबरा ओलांडू दे. म्हणून पहाटे साडेचारला निघाल्या. गुरुवार, पोटात पाण्याचा थेंब नाही. टोकावड्याला डोंगर दिसला नाही, पण थांबलं तर नऊ गाठायचे कसे? नाही थांबल्या.

घाटात धुकं असं दाट होतं की वायपर लावला तरी काच पुसली जात नव्हती, बाहेरचंच पुसायला हवं होतं. अर्धा घाट चढल्यावर एका वळणावर शेंदूर फासलेली देवी आहे, तिच्यासमोर पिवळा बल्ब जळत असतो. त्या पांढऱ्या अंधारात तो बल्ब दिसला आणि शीलाताईंना इतकं हायसं वाटलं, की त्यांचे दोन्ही हात आपोआप उचलले गेले, जुळले, कपाळाला लागले. डोळेही मिटले.

पापणी मिटून उघडायला लागतो तेवढाच वेळ. पण गाडीची कड कठड्याला घासली. खरवडल्याचा लांबलचक आवाज झाला, बाजूचा आरसा तुटून गेला, आणि मागच्या सीटवर सोनल दोन्ही हातांनी पोट धरून ओरडली, "आई!"

कुणालाही काही झालं नाही. पण सोनल "घरी चला, अहो आई, मला घरी जायचंय," एवढंच म्हणत होती. पुढे जरा रुंद जागा होती तिथे शीलाताईंनी गाडी वळवली आणि तशीच परत उतरवली. खाली टोकावड्याच्या टपरीसमोर थांबून, स्टिअरिंगवर डोकं टेकून त्यांनी देवाला सांगितलं, "हिचं बाळ सुखरूप येऊ दे. मी पुन्हा या स्टिअरिंगला हात लावणार नाही."

माघात सान्वी झाली, डोंबिवलीतच. सुखरूप, गुटगुटीत, डोक्यावर दाट जावळ घेऊन. नवसाचं शीलाताईंनी कुणाला सांगितलं नाही. गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी राहिली. त्या गाडीकडे न बघता जिन्यानं वर जायला शिकल्या.

तेच जावळ आता अडून बसलं होतं. सान्वीला अकरावा महिना लागलेला. वर्षाच्या आत नाही काढलं तर मग एकदम तिसऱ्या वर्षी, असं शीलाताईंच्या घरचं वळण. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, आणि मामा म्हणजे सोनलचा भाऊ देवेश, तो ओतूरला. त्याला बोलवावं तर कलावतीबाई दिवाळीत अंगणात घसरून पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं, अंथरुणावर. त्यांना सोडून तो कसा येणार? आणि त्यांनी नातीला अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. सोनल एकदा पुण्यावरून वळसा घालून जायला निघाली होती, उन्हाळ्यात, पण सान्वीला वाटेतच ताप भरला आणि पुण्यातूनच परत फिरावं लागलं. फोनवर रोज दिसायची नात. "फोनवर दिसतं गं," कलावतीबाई म्हणायच्या, "वास नाही येत."

देवेशनं मार्ग काढला. "ताई, माझ्या ओळखीचा ड्रायव्हर आहे. कल्याणलाच असतो. गुरुवारी सकाळी घेऊन येईल तुम्हाला."

शीलाताईंनी सुटकेचा श्वास टाकला. देवानंच वाट काढली म्हणाल्या. सोनल मात्र सान्वीच्या दुपट्याची घडी घालत राहिली. एकच घडी तिनं तीनदा घातली.

मंगळवारी सकाळी तो ड्रायव्हर घर बघायला आला. मितेश नाव. पस्तिशीचा, गळ्यात साखळी, केसांना जेल. गाडी खाली गेटात लावलेली. शीलाताई खाली जाऊन गाडी बघून आल्या होत्या, पण ते त्यांनी दाखवलं नाही. चहा आणि चिवडा पुढे ठेवला.

"किती वर्षं चालवतोस रे गाडी?"

"बारा, काकू. माळशेज तर डोळे झाकून उतरवतो."

"उघडे ठेवून उतरवलेस तर बरं होईल, बाळा."

मितेश मोठ्यांदा हसला. "तुम्ही टेन्शनच नका घेऊ. पाचला निघू, साडेसातला ओतूर. कळणारसुद्धा नाही."

"पाचला धुकं असेल ना?"

"असू दे ना. फुल लाइट मारायची. समोरचा आपोआप बाजूला होतो."

धुक्यात लांबचा दिवा लावला की तो उजेड परत आपल्याच डोळ्यांत येतो, गं, समोर पडदा टांगल्यासारखा. खालचा दिवा लावायचा आणि डावीकडची पांढरी पट्टी धरायची. हा आवाज शीलाताईंना इतका स्पष्ट ऐकू आला की त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"आणि येताना, उतारावर? कुठल्या गिअरमध्ये उतरवतोस?"

"गिअर कशाला?" मितेशनं चिवड्याचा बकाणा भरला. "न्यूट्रल. गाडी आपोआप पळते, डिझेल वाचतं."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक आहेत की. ब्रेक कशाला असतात?"

स्वयंपाकघराच्या दारात सोनल सान्वीला कडेवर घेऊन उभी होती. शीलाताईंची आणि तिची नजर भेटली. शीलाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तुझे पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेत, बाळा," त्या हळूच म्हणाल्या. "हात फिरवला तर खाचाच लागल्या नाहीत. बदलून घे हं. तुझ्याही घरी कुणी वाट बघत असेल."

मितेशचा हात चिवड्यावर थांबला. "तुम्ही टायर बघितले?"

"बघितले. आणि गुरुवारी नको येऊस. आमची दुसरी सोय आहे."

"कोण नेणार?"

शीलाताईंच्या ओळखीत दुसरा कुणी ड्रायव्हर नव्हता, गुरुवार परवावर आलेला. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडलं ते ऐकून त्या स्वतःच दचकल्या.

"मी."

"तुम्ही?" मितेशला ठसका लागला. "काकू, माळशेज आहे तो, सत्यनारायणाची पूजा नाही."

"नाहीच ना. पूजेत चुकलं तर भटजी पुन्हा म्हणायला सांगतात."

तो गेला. जाताना त्याच्या हातावर रव्याचे दोन लाडू ठेवायला शीलाताई विसरल्या नाहीत. दार लावलं आणि दारालाच टेकून उभ्या राहिल्या.

"अहो आई," सोनल म्हणाली. "खरंच नेणार?"

"मी काय बोलून बसले गं."

"म्हणजे नाही नेणार?"

"मला नाही नेता यायचं, सोनल." आणि मग, एक वर्ष जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी सुनेला सांगितलं. टपरीसमोर डोकं टेकलेलं, बोललेला नवस, सगळं. अगदी हळू आवाजात, जिन्यात कुणी ऐकत असल्यासारखं.

सोनलनं सान्वीला खाली ठेवलं. ती रांगत टीव्हीखालच्या ड्रॉवरकडे गेली आणि त्यातून वर्तमानपत्रं बाहेर ओढायला लागली. तिच्याकडे दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

"माझ्या बाळासाठी बोललात, आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला काय सांगणार? माझ्यामुळे तुझ्या पोटातलं लेकरू..." शीलाताईंनी मान फिरवली. "त्यानंतर तू माझ्या गाडीचं नाव काढलं नाहीस. मी समजले. तुझा विश्वास उडाला."

"माझा?" सोनल बघतच राहिली. "मला वाटत होतं तुम्ही रागावलात. मी तसा आरडाओरडा केला, परत चला म्हणाले, तुमचा शब्द मोडला माझ्यामुळे. म्हणून तुम्ही गाडी बंद करून ठेवलीत असं वाटायचं. कितीदा विचारावंसं वाटलं. तुम्ही गाडीकडे बघायच्याच नाहीत."

"वेडी आहेस का तू? चूक माझी आणि राग तुझ्यावर?"

"चुकलात ना तुम्ही," सोनल म्हणाली. तिच्या बोलण्यात ओतूरचा रोखठोकपणा होता, तो इथे आल्यावरही गेला नव्हता. "हात सोडलेत ते चुकलंच. मी नाही म्हणत नाही. पण नंतर घाट कुणी उतरवला? दीड तास लागला आपल्याला. दुसऱ्या गिअरमध्ये. तुम्ही दोन्ही काचा खाली केल्या, मला म्हणालात, डोकं बाहेर काढून पांढरी पट्टी बघ आणि मला सांगत राहा. मी आहे, आहे, आहे म्हणत होते. प्रत्येक वळणाला हॉर्न देत होतात तुम्ही. मागचा एक ट्रकवाला किती शिव्या देत होता, तुम्ही त्याला हातानं पुढे जा म्हणालात आणि वर म्हणालात, जा बाबा, तुला घाई आहे, आम्हाला नाही. आठवतंय?"

शीलाताईंना आठवत नव्हतं. त्यांना फक्त खरवडल्याचा आवाज आठवायचा. वर्षभर, रोज, तेवढाच.

"मला तर तेच आठवतं," सोनल म्हणाली. "मला वाटलं, ही बाई असेल तर मी खाली पोचते." मग जरा घुटमळून, "आणि एक सांगू? मी दर रविवारी खाली जाऊन गाडी चालू करते. दहा मिनिटं. बॅटरी बसू नये म्हणून यांच्याकडून शिकून घेतलं. तुम्ही सहस्रनामाला बसलात की जाते."

"मला वाटायचं तू कचरा टाकायला जातेस."

"दहा मिनिटं कचरा टाकतं का कुणी?"

दोघी हसल्या. हसता हसता शीलाताईंनी डोळ्यांना पदर लावला. ड्रॉवर रिकामा करून सान्वी वर्तमानपत्रांच्या ढिगावर बसली होती आणि एक पान चघळत होती.

पण हसून नवस सुटत नसतो. सोनलनं पुढे काही आग्रह केला नाही. "तुम्ही म्हणाल तसं," एवढंच म्हणाली. "नाहीतर तिसऱ्या वर्षी काढू जावळ." ते तिनं इतकं सहज म्हटलं, की शीलाताईंच्या काळजात कळ आली. तिसऱ्या वर्षापर्यंत कलावतीबाई उठून बसतील की नाही, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

तिन्हीसांजेला त्यांनी देवाजवळ दिवा लावला. नेहमीचं स्तोत्र म्हणायला बसल्या, पण चार ओळींपुढे मन जाईना. दिलेला शब्द दोन्हीकडे होता. एक देवाला, एक माणसाला. देवाचा मोडला तर त्या लेकराच्या नावानं बोललेला नवस मोडणार. माणसाचा मोडला तर तो दुसऱ्यांदा मोडणार, त्याच माणसाचा.

समोरच्या ब्लॉकमधल्या जोगळेकर वहिनी सत्तरी ओलांडल्यावर काशीला जाऊन आल्या होत्या. काशीला आवडती गोष्ट सोडायची असते. वहिनी परत आल्यावर सगळ्या जणींनी विचारलं, काय सोडलंत? वहिनी म्हणाल्या, कारलं. सगळ्या हसून हसून बेजार झाल्या होत्या. शीलाताई त्यांत सगळ्यांत जास्त. जन्मात कारल्याचा घास न घेतलेली बाई, आणि देवाला दिलं काय, तर कारलं!

ती गोष्ट आत्ता का आठवावी, हे त्यांना आधी कळेना. दिव्याची वात जरा पुढे ओढली. आणि मग कळलं, तशा त्या हातातली काडी तशीच धरून बसून राहिल्या.

त्या दिवशी टपरीसमोर त्यांना स्टिअरिंग आवडत होतं का? नव्हतं. त्या क्षणी जगात सगळ्यांत नकोशी वस्तू कुठली असेल तर तीच होती. गाडीतून उतरावं आणि पुन्हा कधी बसू नये, असंच वाटत होतं. जे टाकायचंच होतं ते देवापुढे ठेवलं, आणि वर फूल वाहिलं.

"देवा," त्या म्हणाल्या, "मी तुला कारलं दिलं."

देव नेहमीसारखे बघत होते. शीलाताईंना वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपण यांच्याशी खरं बोललो.

"ते परत घेते," त्या म्हणाल्या. "त्याच्या बदल्यात मला आवडतं ते देते. जरा दम धर, शोधते."

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आवडायचं त्यांना ते एकच होतं, आणि ते आवडतं हे कबूल करायला लाज वाटत होती. मार्गशीर्षाच्या गुरुवारी संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमायच्या आणि म्हणायच्या, बाई बाई, शीलाताईंसारखा उपास कुणाला झेपायचा नाही, पाण्याचा थेंब नाही हो सकाळपासून! त्या मान खाली घालून हसायच्या. ते ऐकताना पोटातल्या आगीवर कुणी तुपाची धार धरल्यासारखं वाटायचं. बासुंदीपेक्षा गोड. तोच कोरडा उपास घेऊन गेल्या वर्षी त्या घाट चढल्या होत्या, डोकं हलकं, डोळ्यांपुढे काजवे, आणि वाटत होतं हीच भक्ती.

"तो माझा निर्जळी गुरुवार," त्या म्हणाल्या. "तो सोडला. यापुढे पोटात घालूनच तुझं करीन. बायका विचारतील तेव्हा सांगेनही." एवढं बोलून त्यांनी स्तोत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हटलं. या वेळी ते शेवटपर्यंत गेलं.

बाहेर येऊन त्यांनी स्वतः ओतूरला फोन लावला. देवेशनं उचलला. "शीलामावशी, भटजींनी सव्वानऊचा मुहूर्त काढलाय."

"तो नको रे. बारानंतरचा काढायला सांग. धुकं उठल्याशिवाय मी घाटात शिरायची नाही."

"तुम्ही?" देवेशनं विचारलं. मागून कलावतीबाईंचा आवाज आला, काय म्हणतात, दे इकडे. फोन हातात घेताना त्यांना कष्ट पडत असावेत, खाट करकरली.

"शीलाताई, तुम्ही आणताय का?"

"हो, विहीणबाई. गेल्या वर्षी..."

"गेल्या वर्षीचं काही काढू नका," कलावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होता, मी स्वतः आणून सोडते. तो शब्द मी जपून ठेवलाय हो, परत नाही पाठवला. बारा वाजू दे नाहीतर चार. मी कुठे जातेय उठून?"

बुधवारी मेकॅनिक येऊन ब्रेक बघून गेला, दोन टायर बदलले, नवा आरसा बसवला. दुपारी शीलाताईंनी गाडीचं कव्हर स्वतः काढलं. सीटवर बसल्या तेव्हा पाय क्लचपर्यंत पोचतोय की नाही असं झालं. सोनल सान्वीला घेऊन मागे बसली आणि एमआयडीसीत त्यांनी चार फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत गाडी तीनदा बंद पडली. प्रत्येक वेळी सान्वी खदखदून हसली. चौथ्या फेरीला ती झोपली, तेव्हा सोनल म्हणाली, "बघा, झोपली. म्हणजे पास."

गुरुवार उजाडला. थंडी चांगली होती. खिडकीतून समोरच्या गच्चीवर कुणीतरी कानटोपी घालून सूर्याकडे पाठ करून बसलेलं दिसत होतं. शीलाताईंची आंघोळ, तुळस, सहस्रनाम नेहमीसारखं झालं. मग त्या स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या.

"दूध दे गं गरम. साखर घाल. आणि दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू."

सोनल दुधाचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. सहा वर्षांत तिनं सासूला मार्गशीर्षातल्या गुरुवारी सकाळी खाताना पाहिलं नव्हतं. मग तिनं साखर घातली, जरा जास्तच. शीलाताईंनी सगळं सावकाश, चावून खाल्लं. पहिला घास घशाखाली उतरायला वेळ लागला. दुसरा उतरला.

संध्याकाळची पूजा ओतूरलाच मांडायची होती. कलश, आंब्याची पानं, पोथी असं सगळं त्यांनी पिशवीत भरलं. नारळ निराळ्या फडक्यात घेऊन त्याला दोन गाठी मारल्या आणि मागे डिकीत, सामानाच्या सांदीत घट्ट बसवला. ड्रायव्हरच्या पायाशी गडगडेल असं काही गाडीत ठेवायचं नाही, देवाचं असलं तरी. जोगळेकर वहिनी गॅलरीतून बघत होत्या.

"शीलाताई, उपास ना आज? पाणीसुद्धा नाही, आणि एवढ्या लांब निघालात?"

शीलाताईंनी वर बघितलं. "खाल्लंय, वहिनी," त्या म्हणाल्या. "पोटभर."

वहिनींचं तोंड उघडं राहिलं. शीलाताईंना वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. फक्त कान थोडे गरम झाले.

सान्वीला तिच्या खुर्चीत बसवून पट्टा लावला. ऋतुराजनं गेल्या सुट्टीत ती खुर्ची आणून बसवली होती, लांबच्या वाटेला ती आज पहिल्यांदा उपयोगी पडत होती. सोनल तिच्या शेजारी मागे बसली, तिनंही पट्टा लावला आणि दोनदा ओढून बघितला.

"भीती वाटतेय?" शीलाताईंनी आरशातून विचारलं.

"थोडी. तुम्हाला?"

"मलाही थोडी. बरं असतं, जरा असली की. ते म्हणायचे, घाटात सगळी भीती संपलेला माणूस शेजारी नको." त्यांनी किल्ली फिरवली. "टोकावड्याला चहा घेऊ. डोंगर दिसला तर पुढे."

"आणि नाही दिसला तर?"

"तर दुसरा चहा."

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडी सावकाश मागे आली, वळली. बिल्डिंगच्या गेटाशी दत्ताचं छोटं देऊळ आहे. येता-जाता तिथे हात जोडल्याशिवाय शीलाताईंचं पाऊल कधी बाहेर पडलं नव्हतं, अगदी दूध आणायलासुद्धा. नुकताच कुणीतरी हार घातला होता. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता.

बोटं स्टिअरिंगवर हलली. सवयच ती, एका जन्माची. शीलाताईंनी ती पुन्हा मिटली, घट्ट. डोळे उघडे ठेवले, समोर रस्त्यावर. मनात म्हणाल्या, येते हं.

मग एकदा हळूच हॉर्न दिला, डावीकडे, उजवीकडे बघितलं, आणि गाडी कल्याणच्या रस्त्याला लावली.